अल्ट्रासॉनिक मोटरमधला संपर्क : प्रोजेक्टवाल्या मुलांचे नेहमीचे प्रश्न

दरवर्षी जानेवारी उजाडला की जळगाव, धुळे, शिरपूर, नंदुरबारकडची मुलं प्रोजेक्टचे प्रश्न घेऊन येतात. पिझो मोटरचं (अल्ट्रासॉनिक मोटर ती हीच) मॉडेल करायचं ठरलेलं असतं, सॉफ्टवेअर मिळालेलं असतं, आणि गाडी एकाच ठिकाणी अडलेली असते : फिरणारा रोटर आणि जागच्या जागी राहणारा स्टेटर एकमेकांना टेकतात तिथे. तेच ते प्रश्न पुन्हापुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. क्रम पाठ्यपुस्तकासारखा नाही. मुलं ज्या क्रमाने अडखळतात, त्याच क्रमाने प्रश्न लावलेत.

सर, ही मोटर साध्या मोटरपेक्षा वेगळी कशी?

हिच्यात चुंबक नाही आणि तांब्याचं वाइंडिंगही नाही. धातूच्या कड्याला (हा स्टेटर) खालून पिझो सिरॅमिकची पातळ चकती चिकटवलेली असते. चकतीला व्होल्टेज दिलं की ती आकुंचन-प्रसरण पावते. दाब दिल्यावर काही स्फटिकांत वीज निर्माण होते, हे पिएर आणि जाक क्यूरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. आपण त्याचा उलटा परिणाम वापरतो. चकतीच्या दोन भागांना, स्टेटरच्या अनुनादाच्या वारंवारतेला, पाव आवर्तनाच्या फरकाने व्होल्टेज दिलं की कड्यात तरंग फिरू लागतो. वरून स्प्रिंगने दाबून बसवलेला रोटर त्या तरंगाच्या माथ्यांवर टेकलेला असतो आणि घर्षणाने ओढला जातो.

जपानच्या तोशिइकू साशिदा यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे रूप वापरण्याजोगं केलं. १९८७ मध्ये कॅननने ते कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये बसवलं. तुमच्या गावात लग्नाचे फोटो काढणाऱ्याच्या लेन्सवर 'यूएसएम' लिहिलेलं दिसलं, तर आत याच कुळातली मोटर आहे असं समजा.

मग संपर्काचं एवढं काय? अवघड तर पिझो असेल ना?

पिझोचं गणित सरळ आहे. आयाम (कंपन मधल्या जागेपासून किती दूर जातं ते) लहान असेपर्यंत ते बऱ्यापैकी रेषीय राहतं आणि कुठलंही सॉफ्टवेअर ते सोडवतं. तुमच्या मोटरचा टॉर्क, वेग, तापणं, झिजणं हे सगळं मात्र काही मिलिमीटर लांबीच्या पट्ट्यांमध्ये ठरतं. तिथे दोन पृष्ठभाग एका सेकंदात चाळीस हजार वेळा टेकतात, चिकटतात, घसरतात आणि सुटतात. हलण्याचा आयाम एक-दोन मायक्रॉन. डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या.

तरंग उजवीकडे जातो आणि रोटर डावीकडे फिरतो. माझं कोड चुकलं का?

चुकलं नाही. हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि दरवर्षी मी टेबलावर खडू उभा करून दाखवतो.

कड्याच्या पृष्ठभागावर एक काठी उभी आहे अशी कल्पना करा. तरंगाचा माथा डावीकडून येतोय. तो पोचायच्या आधी काठीखालची जमीन उजवीकडे उतरती असते, म्हणून काठी उजवीकडे झुकलेली असते. माथा पुढे निघून गेला की जमीन डावीकडे उतरती होते आणि काठी डावीकडे कलते. म्हणजे माथा खालून जात असताना काठीचं टोक उजवीकडून डावीकडे झुलतं, तरंगाच्या उलट दिशेने. रोटर टेकलेला असतो तो नेमक्या त्याच क्षणी. टोकाचा पूर्ण मार्ग लंबवर्तुळ असतो आणि त्या लंबवर्तुळाचा फक्त वरचा भाग आपल्या कामाचा.

काठी जितकी उंच, तितकं टोक जास्त झुलणार. स्टेटरवर दाते कापतात ते यासाठीच. कडं फारसं कडक न होता पृष्ठभागाची उंची वाढते आणि आडवा वेग वाढतो. दाते पाहून पुष्कळांना गिअर आठवतो, पण रोटरची बाजू सपाट असते. दात्यात दाता अडकत नाही.

आकडे घालून दाखवा.

हाताने जमेल असं उदाहरण घेऊ. संपर्काची त्रिज्या २७ मिलिमीटर, कड्यावर ९ तरंग, वारंवारता ४० किलोहर्ट्झ. परीघ १६९.६ मिलिमीटर, म्हणून तरंगलांबी १८.८५ मिलिमीटर. दात्यांचा माथा तटस्थ पातळीपासून (कडं वाकताना जी ना ताणली जाते ना दाबली जाते) ३ मिलिमीटर वर धरू. तरंगांक म्हणजे ९ भागिले २७, दर मिलिमीटरला एक तृतीयांश. त्याला ३ ने गुणलं की बरोबर १ येतो. हा योगायोग मी मुद्दाम जुळवून आणलाय : उभा आयाम आणि आडवा आयाम सारखे झाले.

उभा आयाम १.५ मायक्रॉन असेल, तर माथ्यावरचा आडवा वेग म्हणजे २π गुणिले ४०,००० गुणिले १.५ मायक्रॉन, सुमारे ०.३८ मीटर प्रतिसेकंद. त्रिज्येने भागून मिनिटाचे फेरे काढले की १३३ च्या आसपास येतात. बाजारात मिळणाऱ्या साठ मिलिमीटर व्यासाच्या प्रसिद्ध जपानी मोटरचा ठरलेला वेग १०० फेरे आणि टॉर्क ०.५ न्यूटन-मीटर आहे. म्हणजे आपलं कागदावरचं उदाहरण भलतीकडे गेलेलं नाही.

म्हणजे रोटर १३३ फेऱ्यांनी फिरेल?

नाही. खरा विषय इथे सुरू होतो, तेव्हा जरा थांबून वाचा.

संपर्क एका बिंदूवर होत नाही. लायनिंग (रोटरच्या टेकणाऱ्या बाजूवरचा पातळ, मऊ थर) थोडं दबतं, म्हणून माथ्याच्या दोन्ही बाजूंना एक पट्टी टेकलेली असते. तिच्यात स्टेटरचा आडवा वेग सगळीकडे सारखा नसतो. माथ्यावर सर्वांत जास्त, आणि कडेला जावं तसा कोसाइनच्या वक्राने कमी होत जातो. रोटर मात्र अख्खा एकाच वेगाने फिरतोय. साहजिकच पट्टीच्या मधल्या भागात स्टेटर रोटरपेक्षा वेगवान असतो आणि त्याला पुढे ढकलतो. कडेच्या भागात स्टेटर मंद असतो, तिथे तोच रोटरला मागे धरतो.

एकाच पट्टीत इंजिनही आहे आणि ब्रेकही. बैलजोडीतला एक बैल पुढे ओढतोय आणि दुसरा पाय रोवून उभा आहे, अशी जोडी जुंपली तर गाडी चालेल, पण घाम कुणाचा किती निघेल ते सांगता येणार नाही. या मोटरची कार्यक्षमता साधारण २० ते ४० टक्क्यांतच अडकते, त्यातला मोठा वाटा या ओढाताणीचा.

आता हिशेब. लायनिंग म्हणजे शेजारीशेजारी उभ्या केलेल्या स्वतंत्र स्प्रिंगा, असं धरा. दाब दबण्याच्या प्रमाणात. घर्षण म्हणजे घर्षणांक गुणिले दाब, दिशा घसरण्याची. भार शून्य असताना ढकलणारं बळ आणि धरणारं बळ सारखं असायला हवं, म्हणजे एकूण दाबाचा अर्धा मधल्या भागात आणि अर्धा कडांना. हे समीकरण सोडवलं की :

संपर्क माथ्याच्या दोन्ही बाजूंना ६०-६० अंश असेल (एक अख्खी तरंगलांबी म्हणजे ३६० अंश), तर वेग जुळण्याची जागा सुमारे २०.५ अंशांवर येते आणि रोटरचा बिनभाराचा वेग माथ्याच्या वेगाच्या ९४ टक्के होतो. संपर्क ९०-९० अंशांपर्यंत पसरला, तर ती जागा नेमकी ३० अंशांवर येते आणि वेग ८७ टक्के. आपल्या उदाहरणात १३३ चे ११५.

३० अंशांचं उत्तर तर तोंडी निघतं. ९० अंशांच्या संपर्कात दाब कोसाइनसारखा, त्याचं समाकलन साइन, आणि साइन अर्धा कुठे होतो ते दहावीतल्या मुलालाही ठाऊक आहे. व्हायव्हात हे फळ्यावर करून दाखवलं तर परीक्षक पुढचे चार प्रश्न विचारत नाहीत, हा माझा अनुभव.

स्प्रिंग जास्त आवळली तर टॉर्क वाढेल ना?

एका हद्दीपर्यंत वाढेल. रोटर थांबलेला असताना संपर्क ९० अंशांच्या आत असेल, तर पट्टीतला प्रत्येक बिंदू एकाच दिशेने ढकलतो. तेव्हा जास्तीत जास्त टॉर्क म्हणजे घर्षणांक गुणिले स्प्रिंगचं बळ गुणिले त्रिज्या. स्प्रिंग १६० न्यूटन, घर्षणांक ०.२५ धरला तर १.०८ न्यूटन-मीटर. पण संपर्क ९० अंशांच्या पलीकडे गेला की तिथले बिंदू उलट दिशेने हलत असतात, त्यामुळे स्प्रिंग आवळाल तेवढं पूर्ण पदरात पडत नाही. त्यात कडं दाबलं गेल्याने त्याचं कंपनही मरतं, वारंवारता सरकते, आणि तुमचा ड्रायव्हर (मोटरला व्होल्टेज देणारं सर्किट) जुन्याच वारंवारतेवर बसलेला असतो.

उष्णतेचाही हिशेब करा. वरच्याच आकड्यांनी, ९० अंशांच्या संपर्कात, बिनभाराने फिरणारी मोटर नुसत्या घसरण्यात सुमारे २.६ वॉट जाळते. काम शून्य आणि तापणं चालू.

हर्ट्झचं सूत्र वापरू का? पुस्तकात संपर्क म्हटलं की तेच आहे.

हाइनरिश हर्ट्झने १८८२ मध्ये ते मांडलं तेव्हा समोर होते गुळगुळीत, गोलाकार, लवचीक घन पदार्थ, आणि संपर्काची जागा त्यांच्या त्रिज्येपेक्षा खूप लहान. आपल्याकडे यातलं काय आहे? पातळ लायनिंग आहे, त्याच्या मागे धातू आहे, आणि पट्टीची लांबी लायनिंगच्या जाडीच्या कितीतरी पट. शिवाय मशिनिंग केलेल्या पृष्ठभागाचा खडबडीतपणाच अर्धा-एक मायक्रॉन असतो, म्हणजे जवळपास आयामाएवढा. इथे हर्ट्झ ओढूनताणून बसवू नका. बॉलच्या टोकाने ढकलणारी रेषीय मोटर करत असाल तर गोष्ट वेगळी, तिथे त्याने सुरुवात करायला हरकत नाही.

मग स्प्रिंगांचं मॉडेल पुरेल? फारच सोपं वाटतं.

ते विंकलरचं, १८६७ चं. मुळात जमिनीवर टेकलेल्या तुळयांसाठी. पातळ, मऊ थर कडक पाठीवर असेल तेव्हा ते चांगलं बसतं, आणि आपली स्थिती नेमकी तीच आहे. त्याने तुम्हाला नव्वद टक्के समज येते. उरलेल्या दहासाठी दोन गोष्टी घाला.

पहिली, स्प्रिंगांना आडवा लवचीकपणा द्या. नुसत्या उभ्या स्प्रिंगांमध्ये वेग जुळतो तो एका बिंदूवर आणि तिथे घर्षणाची दिशा एकदम उलटते. खऱ्या लायनिंगमध्ये तो बिंदू पसरून चिकटलेला भाग होतो. तिथे थर आडवा ताणला जातो, घसरत नाही.

दुसरी, रोटरचा लवचीकपणा. रोटरची कड मुद्दाम पातळ ठेवलेली असते. तिची स्प्रिंग आणि लायनिंगची स्प्रिंग एकामागे एक जोडलेल्या आहेत, त्यामुळे जी मऊ असेल तिचंच राज्य चालतं. हे विसरून नुसता लायनिंगचा कडकपणा घातला की संपर्क फार अरुंद निघतो. एकूण कडकपणा पाचपट धरला, तर तेवढ्याच स्प्रिंगबळाला ९० अंशांचा संपर्क ५० अंशांवर येतो. मग वेगही चुकतो आणि झिजेचा हिशेबही.

जर्मनीतल्या वॉलाशेक यांनी १९९८ मध्ये या विषयाचा मोठा आढावा घेतला होता. त्यानंतर मॉडेलं बारीक होत गेली, पण ढकलणारा भाग आणि धरणारा भाग हे मूळ चित्र तेच राहिलं.

घर्षणांक किती घ्यायचा? नेटवर ०.१ पासून ०.४ पर्यंत सगळं सापडतं.

सापडणारच. घर्षणांक हा लायनिंगचा एकट्याचा गुण नाहीच. समोरचा धातू, दाब, तापमान, हवेतला ओलावा आणि दोघं किती तास एकमेकांवर घासलेत, या सगळ्यांचा तो मिळून आहे. म्हणून मोजा.

रीत साधी आहे. मोटर बंद ठेवा. रोटरच्या कडेवर दोरा गुंडाळा, टोकाला स्प्रिंग काटा लावा आणि हळूहळू ओढा. रोटर सुटतो त्या क्षणीचा आकडा वाचा. त्याला दोऱ्याच्या त्रिज्येने गुणा, मग संपर्काच्या त्रिज्येने आणि स्प्रिंगबळाने भागा. दहा वेळा करा, रोटर दरवेळी थोडा फिरवून. दहा आकडे दहा प्रकारचे आले तर घाबरू नका. घाबरायचं तेव्हा, जेव्हा ते ठरावीक कोनाला ठरावीकपणे बदलतात. तो घर्षणाचा दोष नाही, रोटर वाकडा आहे.

हा आकडा स्थिर घर्षणाचा. चालू मोटरमध्ये, उभ्या कंपनामुळे, रोटरला जाणवणारं घर्षण कमी भासतं. हे दोन आकडे एकच समजू नका.

आपल्याकडच्या मुलांना लायनिंगची निवड समजवायला मी जिनिंगचं उदाहरण देतो. डबल रोलर जिनमध्ये चामड्याच्या वॉशरांचा रोलर कापसाचा तंतू धरून ओढतो आणि घट्ट टेकवलेल्या पात्यापाशी सरकी अडते. रोलर फार कडक झाला तर तंतू धरत नाही, फार मऊ झाला तर लवकर झिजतो, आणि दाब जास्त दिला तर तापतो. सीझनमध्ये जिनवर उभा राहिलेला माणूस हाताच्या अंदाजाने जे जमवतो, तेच आपण समीकरणात लिहायला बघतोय.

कूलोम्बचं घर्षण चालेल की लुग्रे वगैरे घालू?

स्थिर वेगाने चालणाऱ्या मोटरला कूलोम्ब, म्हणजे वरचंच घर्षणांक गुणिले दाब, पुष्कळ झाला. अडचण कोडिंगची असते. वेग शून्य ओलांडताना बळ एकदम उलटतं आणि सॉल्व्हर अडकतो. म्हणून मुलं त्या पायरीऐवजी गुळगुळीत वक्र घालतात. घाला, पण त्याची किंमत माहीत असू द्या. गुळगुळीत वक्रात वेग शून्य असताना बळही शून्य. मग वीज बंद केल्यावर भाराखाली तुमचा रोटर हळूहळू सरकत राहतो. खरी मोटर अशी सरकत नाही. वीज गेली तरी जागच्या जागी घट्ट धरून ठेवणं हाच तर हिचा मोठा गुण. लोडशेडिंगच्या मुलखात तो वेगळा सांगायला नको.

थांबणं, सुटणं, अगदी बारीक पाऊल टाकणं यांचा अभ्यास असेल तर डाल (१९६८) किंवा लुग्रे (१९९५) यांपैकी एक घर्षणाचं मॉडेल घ्या. लुग्रे म्हणजे लुंड आणि ग्रेनोबल या दोन गावांच्या नावांचा जोड. त्यात पृष्ठभागावरच्या बारीक केसांसारख्या ब्रशांचं वाकणं धरलेलं आहे. पण त्याचे सहा-सात स्थिरांक मोजायची तयारी नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. न मोजलेल्या सात स्थिरांकांपेक्षा मोजलेला एक बरा.

थ्रीडी मॉडेल करून रन लावला. तीन दिवस झाले, अजून चालूच आहे.

चालणारच. एक आवर्तन २५ मायक्रोसेकंदांचं. त्यात किमान शंभर पावलं हवीत. मोटरला वेग धरायला समजा दहावा भाग सेकंद लागतो, म्हणजे ४,००० आवर्तनं आणि ४ लाख पावलं, प्रत्येक पावलात संपर्काची शोधाशोध. कॉलेजच्या लॅबमधल्या संगणकावर हा छळ कशाला?

फिरत्या तरंगाची एक सवलत आहे, ती घ्या. तरंगाच्या बरोबर चालत जाऊन पाहिलं की संपर्काचं चित्र जागच्या जागी थांबलेलं दिसतं. काळ समीकरणातून गळून पडतो. एकाच तरंगलांबीचा, एकदाच हिशेब करायचा आणि नऊने गुणायचा. स्टेटरचं कंपन वेगळं सोडवा, संपर्काचं बळ वेगळं सोडवा, आणि दोघांची देवघेव चार-सहा फेऱ्यांत जुळवा. मी हे साध्या स्प्रेडशीटवर करून घेतो. मुलांना आधी अपमान वाटतो, मग मजा येते.

आणि तरीही थ्रीडी करायचंच असेल, तर संपर्काची सहनशीलता डीफॉल्टवर सोडू नका. पुष्कळ सॉफ्टवेअरं एलिमेंटच्या (मॉडेलचे जे बारीक तुकडे पाडतात त्यांतला एक) जाडीच्या काही टक्के आत घुसणं चालवून घेतात. एलिमेंट अर्धा मिलिमीटर आणि सूट दहा टक्के असेल, तर झाले ५० मायक्रॉन. तुमचं अख्खं कंपन दीड मायक्रॉनचं! रोटर स्टेटरमध्ये घुसून बसलाय आणि सॉफ्टवेअर म्हणतंय सगळं ठीक आहे.

स्थिर तरंगाच्या मोटरला हीच सवलत मिळेल?

नाही. तिथे बोटासारखं टोक रोटरला ठोके देत राहतं, टेकणं आणि सुटणं काळातच घडतं. आवर्तनभर पावलं टाकावीच लागतात. ठोक्याची आपटही धरावी लागते.

आगगाडीच्या चाकाचं मॉडेल वापरता येईल का? बाबा भुसावळच्या लोको शेडला आहेत.

चांगला प्रश्न, आणि आमच्या वर्गात शेडला कुणी ना कुणी असतोच. चाक आणि रूळ यांच्यातही चिकटलेला भाग आणि घसरणारा भाग असतो. ओढणारं चाक रुळावर नेहमी किंचित घसरतच चालतं. रूळ ओले झाले की ड्रायव्हर वाळू सोडतो, तेही घर्षणांकाचंच काम. त्यामुळे चित्र ओळखीचं वाटेल.

पण आकडे वेगळ्या जगातले. मालगाडीच्या इंजिनाच्या एका चाकावर साधारण दहा टन, संपर्काची जागा नखाएवढी, दाब दर चौरस मिलिमीटरला हजार न्यूटनच्या घरात. आपल्या मोटरमध्ये तोच सुमारे एक न्यूटन. तिथे स्टीलवर स्टील, म्हणून हर्ट्झ शोभतो. बाबांना विचारून वाळूची गोष्ट प्रस्तावनेत लिहा, समीकरणं तिथून उचलू नका.

मे महिन्यात मोटर मंदावते. मॉडेलमध्ये ऊन कुठे घालायचं?

जळगावचा पारा ४५ ला टेकला की आमच्या बिनएसीच्या लॅबमध्ये माणसंही मंदावतात. मोटरचं कारण असं : तापल्यावर स्टेटर आणि सिरॅमिक थोडं मऊ पडतात आणि अनुनादाची वारंवारता खाली सरकते. मोटर सहसा अनुनादाच्या जराशी वरच्या बाजूला चालवतात, कारण खालच्या बाजूला कंपन एकदम कोसळतं. अनुनाद खाली गेला आणि ड्रायव्हर तिथेच राहिला, तर अंतर वाढलं, आयाम घटला, वेग घटला. म्हणून चांगले ड्रायव्हर तिसऱ्या, मोजणीसाठी ठेवलेल्या पिझो तुकड्याचा सिग्नल बघून वारंवारता सरकवत राहतात. संपर्कात लायनिंगचा कडकपणाही तापमानाने बदलतो, तो वेगळा घाला.

पावसाळ्यात उलटा त्रास. दोन-तीन महिने कपाटात पडलेली मोटर सुरुवातीला सुटतच नाही, किंवा चरचर करते. दाबून ठेवलेल्या पृष्ठभागांमध्ये ओलावा बसलेला असतो. थोडा वेळ दोन्ही दिशांना फिरवली की ताळ्यावर येते. माप घ्यायचं ते त्यानंतर.

मोटर शिट्टी मारते. ४० किलोहर्ट्झ ऐकू येतं?

येत नाही. माणसाचा कान २० च्या पुढे बहिरा. शिट्टी ऐकू आली म्हणजे संपर्क बिघडलाय, कुठेतरी दुसरंच, खालच्या वारंवारतेचं कंपन जागं झालंय. ती नोंदवून ठेवा, कोणत्या दाबाला आणि कोणत्या वेगाला ते लिहा.

सगळं बरोबर केलं, तरी मोटर मॉडेलच्या निम्म्याच वेगाने फिरते.

मीही यातून गेलोय. मॉडेल ११५ सांगत होतं, मोटर साठीच्या पुढे जाईना, आणि हात लावला तर थरथरायची. महिनाभर मी पिझोचे स्थिरांक तपासत बसलो. चिकटवणाऱ्या थराची जाडी घातली, डॅम्पिंग बदललं, दोन पुरवठादारांशी वाद घातला.

शेवटी आमच्या वर्कशॉपमधल्या इन्स्ट्रक्टरनी रोटर हातात घेतला आणि नुसतं विचारलं, "ब्लू मारून बघितला का?" नव्हता बघितला. सरफेस प्लेटवर ब्लूचा, म्हणजे कुठे टेकतंय ते दाखवणाऱ्या निळ्या रंगाचा, पातळ हात फिरवला, रोटर अलगद ठेवून किंचित फिरवला आणि उलटा केला. कड्यावर तीन ठिकाणी निळे डाग, मध्ये सगळं कोरं. सारख्या अंतरावरचे तीन डाग. ते पाहूनच मान खाली गेली : पातळ रोटर मीच लेथच्या तीन जबड्यांच्या चकमध्ये आवळून फेसिंग केलं होतं, म्हणजे तोंड सपाट कापलं होतं. चकमध्ये सपाट होता, जबडे सुटल्यावर उसळून तीन पाकळ्यांचा झाला. चढउतार सगळा तीन-चार मायक्रॉनचा, पण आयाम दीडचा. नऊपैकी एका वेळी तीन-चार माथेच नीट टेकत होते.

प्लेटवर बारीक पेस्ट घेऊन आठाच्या आकड्यात हात फिरवत दुपारभर लॅपिंग केलं. निळा रंग कडेने सलग उमटला तेव्हा मोटर लावली. शंभरी ओलांडली. पिझोचा एकही स्थिरांक बदलला नव्हता.

तेव्हापासून मॉडेलमध्ये पृष्ठभाग सपाट आहे असं लिहायच्या आधी मी ब्लूचा फोटो मागतो.

मोटर आणायची कुठून? नवीन तर फार महाग.

कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याला विचारा. बुरशी लागलेली किंवा पडून फुटलेली जुनी लेन्स बऱ्याचदा भंगारातच जाते. सगळ्या यूएसएम लेन्समध्ये मोठं कडं नसतं, काहींत लहानशी मोटर असते. तुम्हाला कड्याची हवी. उघडताना पातळ पट्टीच्या वायरी तोडू नका आणि संपर्काच्या बाजूला बोट लावू नका. बोटाचं तेल लागलं की घर्षणांक मोजायचा कार्यक्रम वाया.

लायनिंग किती दिवस टिकतं? झीज कशी काढू?

आर्चर्डचा १९५३ चा नियम घ्या : झिजलेलं आकारमान हे बळ आणि घसरलेलं अंतर यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात, कठीणपणाच्या व्यस्त प्रमाणात. इथे घसरलेलं अंतर म्हणजे रोटर फिरला ते अंतर नव्हे. पट्टीतल्या प्रत्येक जागी स्टेटर आणि रोटर यांच्या वेगातला फरक, तो चिन्ह सोडून बेरजेत घ्यायचा. पुढे ढकलताना झालेलं घसरणं आणि मागे धरताना झालेलं घसरणं एकमेकांना खोडत नाही, दोन्ही लायनिंग खातात. बिनभाराने फिरवत ठेवलेली मोटरही झिजते ती यामुळे.

अशा मोटरांचं आयुष्य वर्षांत सांगत नाहीत, तासांत सांगतात, साधारण हजार-दोन हजार तास. उघडली की कडेला तपकिरी भुकटीची बारीक रेघ दिसते. ती लगेच पुसून टाकू नका. आधी फोटो काढा, मग चिकटपट्टीवर उचलून वहीत तारीख आणि तास लिहून चिकटवा. पुढच्या वेळी उघडाल तेव्हा शेजारी दुसरी पट्टी लावायला जागा सोडा.